जहाजाच्या भागांना नंबर कसे द्यायचे? हल (बोटीचं धड) डिझाइनमध्ये नव्याने आलेल्यांसाठी

रत्नागिरी किंवा मालवणच्या पॉलिटेक्निकमधून डिप्लोमा करून, ऑटोकॅड हाताखालून घालून जी मुलंमुली खाडीकाठच्या यार्डाच्या डिझाइन ऑफिसात येतात, त्यांना पहिल्यांदा थ्रीडी मॉडेलची भुरळ पडते. पडायलाच हवी. अख्खी बोट स्क्रीनवर फिरवून बघता येते, ही काही साधी गोष्ट नाही. पण त्या मॉडेलमधला प्रत्येक ब्रॅकेट (कोपऱ्यात आधार देणारा तुकडा) आणि प्रत्येक स्टिफनर (प्लेटला ताठ ठेवणारी पट्टी) पुढे स्टीलच्या प्लेटमधून कापून निघतो, पॅलेटवर ढिगात पडतो आणि त्या ढिगातून फिटर तो शोधून काढतो. त्याच्यासमोर तुमचं मॉडेल नसतं. हातात ड्रॉइंगची प्रिंट असते आणि प्लेटवर लिहिलेला नंबर असतो, बस्स. म्हणून नंबर देण्याची पद्धत ठरवताना माझी कसोटी एकच: ढिगाशी उभ्या असलेल्या माणसाला हा भाग कुठे जातो ते नंबरावरून कळतं का? सॉफ्टवेअरला काय सोपं पडतं, हा प्रश्न त्यानंतरचा.

उदाहरणाला आपण एक फेरीबोट घेऊ. दाभोळ–धोपावे, जयगड–तवसाळ, वेश्वी–बागमांडला, आगरदांडा–दिघी या मार्गांवर गाड्या घेऊन जाणाऱ्या बोटी तुम्ही पाहिल्याच असतील. समजा तशीच एक बोट आहे, पर्पेंडिक्युलरमधली लांबी (मागच्या आणि पुढच्या ठरलेल्या उभ्या रेषांमधलं अंतर) ३६ मीटर, फ्रेम स्पेसिंग (दोन फ्रेम, म्हणजे बोटीच्या आडव्या फासळ्या, यांच्यातलं अंतर) ५०० मिलिमीटर. आणखी एक गोष्ट आधीच सांगते, खाली मी कोड देवनागरीत लिहिले आहेत. सॉफ्टवेअरमध्ये ते रोमन कॅपिटल अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत टाकायचे.

पहिलं काम: शून्य कुठे, ते ठरवा

भागांच्या आधी फ्रेमना नंबर पडतात, कारण बोटीवरची जागा सांगायची भाषाच फ्रेमची आहे. बहुतेक यार्डांत आफ्ट (मागची) पर्पेंडिक्युलर म्हणजे फ्रेम शून्य. ती रेषा बहुधा रडर स्टॉकच्या (सुकाणूच्या दांड्याच्या) मध्यातून जाते. तिथून पुढे नाळेकडे नंबर वाढत जातात. आपल्या बोटीत ३६,००० भागिले ५०० म्हणजे ७२, तेव्हा फ्रेम शून्यापासून ७२ पर्यंत. फ्रेम २४ म्हणजे आफ्ट पर्पेंडिक्युलरपासून १२,००० मिलिमीटर. दोन फ्रेमच्या मध्ये काही बसत असेल तर ‘एफआर२४+२००’ असं लिहायचं, म्हणजे १२,२०० मिलिमीटर. अमेरिकन नौदलाची रीत याच्या उलटी आहे, तिथे पुढच्या पर्पेंडिक्युलरपासून मागे मोजतात. जुनं किंवा परदेशी ड्रॉइंग हातात आलं की सगळ्यात आधी शून्य कोणत्या टोकाला आहे ते बघा.

फ्रेम स्पेसिंग सगळ्या लांबीभर सारखं असेलच असं नाही. टोकांकडे ते कमीजास्त केलेलं असतं. म्हणून गुणाकारावर विसंबू नका. फ्रेम टेबल, म्हणजे कोणती फ्रेम किती मिलिमीटरवर आहे याचा तक्ता, आधी सॉफ्टवेअरमध्ये भरा, तपासून घ्या आणि मगच पहिली प्लेट काढा. हा तक्ता मध्येच बदलला तर त्यावर उभं केलेलं सगळं हलतं.

इथे दोन अडचणी हमखास येतात. आफ्ट पर्पेंडिक्युलरच्या मागेही बोट असते, आणि तिथल्या फ्रेमना उणे नंबर लागतात: उणे १, उणे २. आता तुमच्या पार्ट नंबरात दोन कोडांच्या मध्ये आडवी रेघ असेल, तर ‘एफआर-०२’ मधली रेघ उणे चिन्हाची की जोडणारी? माणूस अंदाजाने ओळखेल, संगणक ओळखणार नाही. त्यामुळे उणे फ्रेमना वेगळं अक्षर द्या, उदाहरणार्थ ‘एफएन०२’, आणि ते पहिल्या दिवशीच द्या.

दुसरी अडचण फेरीबोटीचीच. दोन्ही टोकांना रॅम्प असलेल्या बोटीत पुढचं कोणतं आणि मागचं कोणतं? आज दाभोळच्या धक्क्यावरून निघताना जे टोक पुढे असतं, ते परत येताना मागे असतं. जनरल अरेंजमेंट ड्रॉइंगवर (बोटीची सगळी मांडणी दाखवणाऱ्या) एक टोक ‘फॉरवर्ड’ म्हणून ठरवून मोठ्या अक्षरांत लिहावंच लागतं. पोर्ट (फॉरवर्डकडे तोंड केल्यावरची डावी बाजू) आणि स्टारबोर्डही (उजवी बाजू) त्यावरूनच ठरतात. नुसतं डावं-उजवं म्हटलं की कोण कुठे तोंड करून उभा आहे यावर सगळं अवलंबून राहतं, आणि वर्कशॉपमध्ये उलटा ठेवून जोडलेल्या ब्लॉकजवळ (ब्लॉक म्हणजे बोटीचा वेगळा बांधून मग जोडायचा मोठा तुकडा) तर विचारायलाच नको.

आडव्या-उभ्या बाकीच्या जागा

हे फार लांबवत नाही. लाँजिट्युडिनलना (बोटीच्या लांबीत जाणाऱ्या पट्ट्यांना) सेंटरलाइनपासून (मधल्या रेषेपासून) बाहेरच्या बाजूला नंबर देतात: एल०१, एल०२ करत तळावरून बिल्जला (तळ जिथे बाजूकडे वळतो तिथे) वळसा घालून बाजूने वर. डेकखालच्या लाँजिट्युडिनलची मालिका वेगळी ठेवा. शेल प्लेटिंगच्या (बोटीच्या बाहेरच्या कवचाच्या) पट्ट्यांना अक्षरं असतात. मधली कील स्ट्रेक ‘के’, तिला लागून ‘ए’, मग ‘बी’, ‘सी’ असं बाहेर आणि वर. ‘आय’ आणि ‘ओ’ ही अक्षरं गाळायची, कारण घाईत ती एक आणि शून्य म्हणून वाचली जातात. हा नियम पार्ट नंबरातल्या मोकळ्या अक्षरांनाही लावा.

ब्लॉक पाडणे

ब्लॉक कुठे तोडायचा हे ड्राफ्ट्समन ठरवत नाही. यार्डातली क्रेन किती टन उचलते, वर्कशॉपच्या दारातून काय बाहेर निघतं, स्लिपवेवर (बोट पाण्यात सोडायच्या उतारावर) आधी काय चढवायचं, यावर ते ठरतं. तुम्ही प्रॉडक्शनच्या साहेबांकडून ब्लॉक प्लॅन लेखी मागून घ्या. तो हातात नसताना नंबर देऊ नका, कारण पार्ट नंबराची सुरुवातच ब्लॉकने होते.

ब्लॉकना दहा-दहाच्या पायऱ्यांनी नंबर द्या: बी१०, बी२०, बी३०. काम सुरू झाल्यावर बी२० क्रेनला जड होतोय म्हणून त्याचे दोन करायची वेळ आली, तर बी२० आणि बी२५ करता येतात आणि पुढच्या ब्लॉकना धक्का लागत नाही.

ब्लॉकचा जोड बरोबर फ्रेमवर घेत नाहीत. फ्रेमचं वेल्डिंग आणि बट जॉइंट (प्लेटच्या कडेला कड लावून केलेला जोड) एकावर एक येऊ नयेत म्हणून तो फ्रेमपासून थोडा दूर सरकवतात. म्हणजे जोड फ्रेम २४ च्या २०० मिलिमीटर पुढे असेल तर फ्रेम २४ मागच्या ब्लॉकची. ब्लॉक प्लॅनवर ‘एफआर१२ ते एफआर२४’ एवढंच लिहिलेलं असलं की टोकाची फ्रेम दोघांची होते. मग ती दोन्ही ब्लॉकमध्ये मॉडेल होते, नाहीतर दोन्हींत राहून जाते. सीमा नेहमी ‘एफआर२४+२००’ अशी पूर्ण लिहून घ्या.

नंबराची घडण

आता मुख्य गोष्ट. आपल्या फेरीबोटीतला एक ब्रॅकेट घेऊ:

बी२०-एफआर२४-बीआर०२-एस

डावीकडून वाचत जा. ब्लॉक २०. त्यातलं फ्रेम २४ चं प्रतल. तिथला ब्रॅकेट, क्रमांक २. स्टारबोर्ड बाजूचा. मोठ्याकडून लहानाकडे, जसा माणूस यार्डात चालत जातो तसाच: आधी ब्लॉक, मग फ्रेम, मग भाग. फिटरला पहिल्या तीन अक्षरांत कळतं की हा माल आपल्या ब्लॉकचा आहे की शेजारच्या. शेजारचा असेल तर त्याला पुढचं वाचायचीही गरज नाही.

दुसरा कोड हा प्रतलाचा. आडव्या भागांसाठी फ्रेम, लांबीच्या दिशेने जाणाऱ्या गर्डरसाठी ‘एल०३’, डेकसाठी ‘डीके१’. तिसरा कोड भागाचा प्रकार सांगतो: फ्लोअरला (तळातली आडवी उभी प्लेट) एफएल, गर्डरला जीआर, स्टिफनरला एसटी, ब्रॅकेटला बीआर, कॉलर प्लेटला (आरपार जाणाऱ्या भागाभोवतीची फट झाकणारा तुकडा) सीपी. हे कोड दहा-बारापेक्षा जास्त होऊ देऊ नका. ट्रिपिंग ब्रॅकेट वेगळा, एंड ब्रॅकेट वेगळा, बिल्ज ब्रॅकेट वेगळा, असे फाटे फोडत गेलात तर पाठ कोण करणार? ब्रॅकेट तो ब्रॅकेट. कुठला ते जागेवरून कळतंच.

आकड्यांच्या पुढे शून्य भरा. ‘एफआर०२’, ‘एफआर२’ नव्हे. संगणक अक्षरं लावतो तसे आकडे लावतो, त्यामुळे शून्य नसेल तर यादीत १ नंतर १०, ११ येत १९ पर्यंत जातात आणि मग २ उगवतो. फ्रेम ७२ पर्यंतच आहेत म्हणून आपल्याला दोन आकडे पुरतात. शंभराच्या वर गेल्या तर सगळ्यांना तीन आकडे, पहिल्या फ्रेमलासुद्धा.

सुरुवात अक्षराने करा, आकड्याने नको. कारण तुमची पार्ट लिस्ट कधी ना कधी एक्सेलमध्ये उघडली जाणार, परचेसवाले उघडतील, स्टोअरवाले उघडतील. एक्सेल ‘००१७’ चे १७ करून टाकतं. ‘०३-१२’ ची तारीख करतं. आणि ‘१०ई०५’ असा नंबर दिलात तर त्याला तो दहा गुणिले दहाचा पाचवा घात वाटतो आणि तुमच्या ब्रॅकेटच्या जागी दहा लाख येतात. सुरुवातीला ‘बी’ असला की यातलं काही होत नाही.

नंबरात स्पेस, तिरपी रेघ, अपूर्णविराम, ताराचिन्ह (*), प्रश्नचिन्ह नको. प्रत्येक भागाची किंवा नेस्टची (एका प्लेटवर केलेल्या भागांच्या जुळणीची) पुढे फाइल होते आणि विंडोज ही चिन्हं फाइलच्या नावात घेत नाही. स्पेस घेतं, पण मशीनवर ती त्रास देते. तुमच्या कटिंग मशीनचा कंट्रोलर जुना असेल तर तो किती अक्षरांचं नाव घेतो ते ऑपरेटरला जाऊन विचारा.

एवढा नंबर प्लेटवर मावतो का?

हा प्रश्न ऑफिसात बसून सुचत नाही. कागद घ्या आणि १५० बाय १५० मिलिमीटरचा त्रिकोणी ब्रॅकेट खऱ्या मापाने काढा. कोपऱ्यातला ३५ मिलिमीटर त्रिज्येचा स्कॅलप (वेल्डिंगसाठी सोडलेली गोल खाच) कापून टाका. उरलेल्या जागेत २० मिलिमीटर उंचीची अक्षरं लिहून बघा. एका अक्षराला साधारण १४ मिलिमीटर रुंदी लागते. अख्ख्या १५० मिलिमीटरच्या कडेलगतसुद्धा दहा-अकराच अक्षरं बसतील, आणि वरच्या ओळीत त्रिकोण निमुळता होत गेल्याने त्याहून कमी. आपला नंबर रेघा धरून रोमन लिपीत पंधरा अक्षरांचा आहे.

यावर दोन उपाय. एक, नंबर दोन ओळींत छापायचा: वर ‘बी२०-एफआर२४’, खाली ‘बीआर०२-एस’, आणि अक्षरं थोडी बारीक करायची. दुसरा उपाय मला लहान यार्डासाठी जास्त पटतो. प्रत्येक भागाला ब्लॉकमधला एक सलग क्रमांकही द्यायचा, जसं ‘बी२०-११७’. प्लेटवर तो छापायचा आणि ड्रॉइंगवर दोन्ही दाखवायचे. फक्त हा छोटा क्रमांकही फ्रेमच्या क्रमानेच द्या, म्हणजे १०० ते १२० हे फ्रेम २४ चे हे फिटरच्या आपोआप लक्षात राहतं.

एकसारख्या भागांचं काय?

यावर दोन मतं आहेत आणि दोन्हींच्या मागे कारण आहे. एक मत म्हणतं, प्रत्येक तुकड्याला स्वतंत्र नंबर, म्हणजे कोणता कापला, कोणता बसला, कोणता तपासला याचा हिशेब राहतो. दुसरं म्हणतं, हुबेहूब सारख्या भागांना एकच नंबर आणि पुढे नग, म्हणजे फिटर ढिगातला कोणताही उचलून लावू शकतो. बारा कॉलर प्लेट अगदी सारख्या असताना त्यातली सातवीच शोधत बसायला लावणं हा त्याच्या वेळेचा अपमान आहे.

माझा सल्ला असा: एका ब्लॉकच्या आत सारख्या भागांना एक नंबर, पण वेगवेगळ्या ब्लॉकमध्ये कधीच नाही. ब्लॉकची पॅलेट वेगळी जाते. बी२० आणि बी३० मधले ब्रॅकेट मापाने सारखे असले तरी त्यांची खेप वेगळी, तारीख वेगळी. अशा सामायिक भागात फ्रेमचा कोड एकच कसा टाकणार? तिथे प्रतलाच्या जागी ‘एक्सएक्स००’ ठेवा आणि तो कोणकोणत्या फ्रेमवर लागतो ते ड्रॉइंगवर द्या.

पोर्ट आणि स्टारबोर्ड हा याच प्रश्नाचा नाजूक भाग. सेंटरलाइनच्या दोन्ही बाजूंचे ब्रॅकेट एकमेकांची आरशातली प्रतिमा असतात. प्लेट साधी, कडा चौकोनी आणि तिच्यावर काही आखलेलं नसेल, तर स्टारबोर्डचा ब्रॅकेट उलटा केला की पोर्टचा होतो. दोघांना एक नंबर चालतो. पण कडेला बेव्हल (तिरपा काप) आला किंवा एका तोंडावर स्टिफनरची मार्किंग रेषा आली की उलटवणं संपलं. उलटवल्यावर रेषा खाली जाते, बेव्हल चुकीच्या बाजूला येतो. असे भाग ‘पी’ आणि ‘एस’ वेगळेच हवेत. सॉफ्टवेअर भाग एकसारखे आहेत का हे तपासताना नुसती बाह्यरेषा बघतं की जाडी, ग्रेड, बेव्हल आणि मार्किंगही बघतं, हे त्याच्या सेटिंगमध्ये उघडून खात्री करून घ्या. सेंटरलाइनवरच बसणाऱ्या भागाला ‘सी’ द्या. मोकळं सोडलं तर बाजू लिहायची राहिली की मुद्दाम लिहिली नाही ते समजत नाही.

जोडीला मोल्डेड लाइन, म्हणजे मापं जिथून धरतात ती रेषा. फ्रेम २४ म्हणजे प्लेटचा मध्य नव्हे, तर एका तोंडाची रेषा. जाडी त्या रेषेच्या पुढे की मागे हे ड्रॉइंगवर चिन्हाने दाखवतात. नंबर त्याच तोंडावर छापा ज्यावर मार्किंगच्या रेषा आहेत, आणि जमल्यास ‘फॉरवर्ड’ किंवा ‘वर’ दाखवणारा बाण त्याच्याजवळ द्या. चौरसासारख्या दिसणाऱ्या प्लेटवर हा छोटा बाण फार मोठं काम करतो.

नंबरात काय नको

जाडी नको, स्टीलची ग्रेड नको. ड्रॉइंग क्लासकडे (बोटीची तपासणी करणाऱ्या संस्थेकडे) मंजुरीला गेलं आणि आठ मिलिमीटरच्या जागी दहा करा असा शेरा आला, तर नंबरातला आठ खोटा ठरतो. जाडी आणि ग्रेड डेटाबेसमध्ये असतातच, पार्ट लिस्टमध्ये त्यांचा वेगळा रकाना असतो.

रिव्हिजनही नंबरात नको. ती ड्रॉइंगला लागते. मात्र एक मर्यादा पाळा. भाग कापून होईपर्यंत त्याचा आकार बदलला तर नंबर तोच राहू द्या. कापल्यानंतर बदलला तर नवा नंबर द्या, कारण जुन्या आकाराचा तुकडा त्याच नंबराने यार्डात पडलेला आहे. आणि रद्द केलेला नंबर परत कुणाला देऊ नका. यादीत ०१६ नंतर ०१८ आला तर बिघडत नाही. सॉफ्टवेअरमध्ये मोकळे नंबर भरून काढायचा किंवा सगळ्यांना पुन्हा नंबर द्यायचा पर्याय असतो. नेस्टिंग सुरू झाल्यावर त्याला हात लावायचा नाही.

सॉफ्टवेअरमध्ये बसवणे

प्रत्येक पॅकेजचे शब्द वेगळे, मांडणी मात्र ओळखीची. ऑटोकॅडवर चालणाऱ्या शिपकन्स्ट्रक्टरमध्ये युनिट आणि त्याखाली प्लेनर ग्रुप असतात. नेमिंग कन्व्हेन्शनमध्ये हे तुकडे हवे त्या क्रमाने जोडून नाव तयार करायचं. ट्रायबॉनमधून आलेल्या अविवा मरीनमध्ये ब्लॉक, त्यात पॅनेल आणि पॅनेलमधल्या भागांना पोझिशन नंबर. ब्लॉक किंवा युनिटचं नाव एका जागी बदललं की भागांच्या नावात आपोआप बदलेल अशी रचना करा. हाताने टाइप केलेली नावं कॉपी आणि मिरर करताना जुनाच ब्लॉक घेऊन फिरतात.

खऱ्या बोटीला हात लावण्याआधी चाचणीचा प्रोजेक्ट उघडा. एकच फ्रेम काढा: फ्लोअर, दोन ब्रॅकेट, दोन-चार स्टिफनर, एक कॉलर प्लेट. नंबर द्या, पोर्टला मिरर करा, पार्ट लिस्ट बाहेर काढून एक्सेलमध्ये उघडा, एक नेस्ट बनवा, मशीनपर्यंत फाइल पाठवा. मग ती प्रिंट घेऊन वर्कशॉपमध्ये जा आणि फिटरला म्हणा, “काका, हा नंबर वाचून भाग कुठे लागतो ते सांगा बघू.” ते जिथे अडतील तिथे पद्धत बदला. ही बदलायची शेवटची स्वस्त वेळ असते.

नेस्टपासून प्लेटपर्यंत

नेस्ट म्हणजे एका प्लेटवर भागांची केलेली जुळणी. तिचा नंबर वेगळा असतो आणि तोच पार्ट नंबराला प्लेटशी जोडतो. प्लेटवर कारखान्याचा हीट नंबर (स्टीलच्या त्या खेपेचा क्रमांक) असतो, तो मिल सर्टिफिकेटशी जुळतो, आणि इंडियन रजिस्टर ऑफ शिपिंगसारख्या क्लास सोसायटीचा सर्व्हेअर तेच विचारतो: हा भाग कोणत्या प्लेटचा? नेस्ट शीटवर हीट नंबर नोंदलेला असेल तर उत्तर एका कागदावर मिळतं. कापून उरलेल्या तुकड्यावर हीट नंबर लिहून ठेवल्याशिवाय तो रॅकमध्ये जाऊ देऊ नका. त्याची ओळख गेली की क्लासच्या कामाला तो वापरता येत नाही.

मशीन मार्किंग करत नसेल तर नंबर हाताने लिहावे लागतात, आणि इथे आपला पाऊस आडवा येतो. रत्नागिरीत वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या वर पडतो. खडूने लिहिलेलं पहिल्या सरीत जातं, प्रायमर नसलेल्या प्लेटवर गंज चढून उरलंसुरलं झाकतो. ऑइल बेस पेंट मार्कर वापरा, कापल्याबरोबर लिहा, आणि ब्लॉकची पॅलेट छपराखाली ठेवायला सांगा. पॅलेटवर सगळ्यात वर त्या ब्लॉकची पार्ट लिस्ट प्लास्टिकमध्ये घालून बांधा.

कोडांचा तक्ता एका कागदावर, मराठीत अर्थ देऊन, वर्कशॉपच्या भिंतीवर लावा. नवा प्रकार लागला तर आधी तक्त्यात, मग मॉडेलमध्ये.

तशीच दुसरी बोट बांधायची ऑर्डर आली तर पार्ट नंबर बदलू नका. यार्ड नंबर (त्या बोटीचा यार्डातला क्रमांक) वेगळ्या रकान्यात आणि नेस्ट शीटवर घ्या, प्लेटवर तो वेगळ्या रंगाच्या मार्करने लिहा. दुसऱ्या बोटीपुरता केलेला बदल असेल, समजा इंजिन बदललं आणि बी१० मधले गर्डर वेगळे झाले, तर तेवढ्याच भागांना ५०१ पासून पुढची मालिका द्या. यादी पाहताच दोन बोटींत नेमकं काय वेगळं आहे ते दिसेल, आणि पहिल्या बोटीच्या बाकी सगळ्या कटिंग फाइल जशाच्या तशा वापरता येतील.